घोंगडी, ताडपत्री, विळा : रानातल्या एका रात्रीचं सामान

रानवाट्या

थंडी सुरू झाली की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तीच चर्चा: तंबू कुणाकडून भाड्यानं आणायचा, स्लीपिंग बॅग किती अंशांची घ्यायची, हेडलॅम्प कुठला बरा. यादी इतकी लांबते की मुक्काम राहतो बाजूलाच. म्हणून हा धागा. नवीन काहीही विकत न घेता, घरात आणि शेतावर असतं तेवढ्यावर एक रात्र रानात कशी काढायची, एवढाच विषय. आपल्याकडं ज्वारी-हरभऱ्याच्या राखणीला माणसं पिढ्यान् पिढ्या जागलीला जातात. त्यांच्याजवळ असतं तेच माझं सामान.

आधी जागेचं बोलू. आम्ही जातो ते कन्नड-सोयगावच्या मधलं, अजिंठ्याच्या रांगेतलं रान. त्यातला मोठा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो (1986 पासून). तिथं परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, विषय संपला. आमचा मुक्काम असतो जंगलाला लागून असलेल्या ओळखीच्या मालकाच्या पडीक जमिनीवर. मालकाला विचारायचं, त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाच्या कानावर घालायचं, मगच निघायचं.

सामान: माणशी एक घोंगडी, दोघांत एक वाकळ, बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री, नायलॉनची दोरी, विळा, एक पातेलं, तांब्या, बॅटरी, आणि काडेपेट्या दोन, वेगवेगळ्या पिशव्यांत. पाणी माणशी पाच लिटर धरा. हिवाळा आहे म्हणून कमी नेऊ नका, हात धुवायला आणि शेवटी विस्तवावर ओतायलाही तेच लागतं.

पोचायचं उजेडात. नाल्याच्या पात्रातली मऊ वाळू बघून मोह होतो, पण तिथं पथारी टाकायची नाही. पावसाळ्यात पाण्याची भीती, आणि हिवाळ्यात रात्रभर गार हवा उतरून नेमकी तिथंच साचते. काठानं पुरुषभर वर चढलात तरी अंगाला फरक कळतो. मग मान वर करून बघायचं. वाळलेली फांदी डोक्यावर नको, आणि आग्या मोहोळ तर नकोच नको. मोहोळाखाली चूल पेटवली की पुढचं सांगायला नको.

ताडपत्री चारी बाजूंनी बंद करायची नाही. वाऱ्याकडची कड दगड ठेवून जमिनीला टेकवायची आणि दुसरी छातीएवढी उंच बांधायची. बंद केली तर श्वासाची वाफ आतून पाझरायला लागते. काहीच बांधलं नाही तर पहाटेच्या दहिवरानं घोंगडी चिंब. नुसतं झाड असलं तरी दव कमी पडतं, कारण जमिनीतली ऊब सरळ आभाळात निघून जात नाही. चिंचेखाली झोपू नये म्हणतात. आमच्याकडं भुताची तक्रार अजून आलेली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. दोन घोंगड्या अंगावर घेऊन कुडकुडणारी माणसं मी पाहिलीत, कारण खाली नुसती सतरंजी. कडब्याच्या पेंढ्या सोडून वीतभर थर करा, त्यावर बारदाना, त्यावर वाकळ. मग वर एक घोंगडी पुरते.

तुमच्याकडं काय करतात ते लिहा.

---

शिफ्ट_अलाउन्स

मस्त धागा. पण एक शंका. शेताच्या कडेला झोपणं म्हणजे जंगलातला मुक्काम म्हणायचा का? आम्हा वाळूजच्या पोरांना खरं जंगल हवंय. आणि एसटीत विळा-कोयता घेऊन चढलो तर कंडक्टर काय म्हणेल? आजकाल कोयता म्हटलं की लोक पोलिसांना फोन करतात.

---

रानवाट्या

@शिफ्ट_अलाउन्स, बिबट्याला सातबारा वाचता येत नाही. बांधाच्या अलीकडं आणि पलीकडं तेच रान असतं.

विळा बारदान्यात गुंडाळून दोरीनं बांधून न्यायचा. 1959 चा शस्त्र कायदा शेतीच्या अवजारांना शस्त्र धरत नाही, पण उघडा कोयता हातात घेऊन स्टँडवर फिरलात तर कायदा समजावत बसावं लागेल. तसंही कोयत्याचं काम पडत नाही. ओलं झाड तोडायचंच नाही, वाळलेली काटकी पायानं मोडते. विळा लागतो तो गवत कापायला.

---

बीट_नंबर_सात

वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून चार गोष्टी.

अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो, आणि तिथं विस्तव करणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. राखीव वनात 1927 चा वन कायदा लागतो, तिथंही विनापरवाना जाळ चालत नाही. "आम्ही विझवून येतो हो" हे ऐकून घेणारा वनरक्षक मला तरी भेटलेला नाही, मी स्वतः धरून.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा आमचा वणव्याचा हंगाम. त्या काळात मालकी जमिनीवरसुद्धा जंगलाच्या कडेला आग नको. आपलं रान पानगळीचं. साग, सालई, धावडा सगळे उघडे पडतात आणि खाली गुडघाभर वाळलेलं गवत. एक ठिणगी डोंगर चढते तेव्हा माणसाच्या पायाच्या दुप्पट वेगानं चढते. चढावर आग खालच्या झाडोऱ्याला आधीच तापवत जाते म्हणून तसं होतं. वणवा दिसला तर 1926 ला फोन करा, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे.

आता जनावरांबद्दल. गौताळ्यात बिबट्या आहे, तो माणूस टाळतो. पण राखणीला म्हणून सोबत कुत्रं नेऊ नका. बिबट्याला कुत्रं फार आवडतं. बांधून ठेवलेलं कुत्रं म्हणजे त्याला दिलेलं आवतनच. रात्री बाजूला जायचं तर एकट्यानं नाही, बॅटरी लावून, बोलत बोलत. अंधारात ओणवं बसलेलं माणूस त्याला माणसासारखं दिसत नाही.

वाघ इथं नाही असं आता म्हणवत नाही. यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक वाघ 2021 साली चालत गौताळ्यात पोचला. 2024 च्या डिसेंबरात तिकडचाच दुसरा एक थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात. त्यांना कुणी परवाना विचारला नाही, पण तुम्हाला विचारतील.

---

मोहाचं_झाड

आमच्या किनवटकडं बिबट्यापेक्षा अस्वलाचा विचार आधी. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटे मोहाखाली माणूस आणि अस्वल दोघंही येतात. त्या दिवसांत मोहाच्या झाडाजवळ पथारी टाकू नका, एवढंच.

मला लिहायचंय चकमकीबद्दल, म्हणजे दगड-पोलादाच्या ठिणगीवर विस्तव करण्याबद्दल. काडेपेटी न्याच, पण हे एकदा करून बघण्यासारखं आहे. आमच्या आज्याच्या कमरेला बारकी पिशवी असायची: गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस. बिडी त्यावरच पेटायची.

गारगोटी आपल्याकडं विकत घ्यायची गरज नाही, काळ्या दगडाच्या मुलखात नांगरटीला ढिगानं निघते. तिला फोडून धारेची कड काढायची. पोलाद मात्र खरं पाहिजे. जुन्या कानशीचा तुकडा उत्तम. स्टीलचा चमचा किंवा साधी सळई घासून ठिणगी पडत नाही, कारण ठिणगी म्हणजे दगडानं खरवडून काढलेला पोलादाचाच कण. तो हवेत पेटतो, आणि पोलाद कडक असेल तरच दगड त्याला असा खरवडू शकतो.

ठिणगी धरायला जळकं सुती कापड आधी घरी करून ठेवायचं. जुन्या सुती धोतराचे तुकडे झाकणाच्या डबीत भरा, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा, डबी निखाऱ्यात ठेवा. भोकातून धूर येत राहील. धूर थांबला की डबी बाहेर काढा, पण गार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवा लागून आतलं सगळं राख होतं. बरोबर जमलं तर कापड काळंभोर, तरी विणीसकट शाबूत निघतं.

आता डाव्या हातात गारगोटी, कड बाहेर, आणि त्या कडेला लागूनच वर अंगठ्याखाली जळक्या कापडाचा तुकडा. उजव्या हातानं पोलाद वरून खाली ओझरतं मारायचं. ठोकायचं नाही, सोलल्यासारखं करायचं. एखादी ठिणगी कापडावर बसली की लाल ठिपका दिसतो आणि तो हळूहळू पसरत जातो. ज्वाला नसते, म्हणून नवखा माणूस "विझली" म्हणून टाकून देतो. तो तुकडा गोवरीच्या चुऱ्यात ठेवा, वाळल्या गवताच्या चुंबळीत धरा आणि खालून फुंका. आधी पांढरा धूर, मग घट्ट पिवळट धूर, आणि मग एकदम भडका. हात लांब धरा, मिशा जातात.

---

उंडणगावचा_बोका

मिशांबद्दलचा इशारा अनुभवातून आलाय असं दिसतं.

सरपणाचं मी लिहितो. पेटवायला तुराट्या, जेवण करायला बाभूळ. पऱ्हाटी (कपाशीची वाळली काडी) भसाभसा जळते आणि निखारा धरत नाही. सालईला डिंक असतो, पटकन पेट घेते, वासही छान. पळस मात्र नुसता धुमसतो. बिब्याचं लाकूड चुलीत घालू नका, त्याच्या चिकानं आणि धुरानं अंग उठतं. कण्हेरीच्या काडीनं काही ढवळू नका, वांगं-कांदा टोचायला तर अजिबात घेऊ नका, ती विषारी आहे. नाल्यातले ओले धोंडे चुलीला लावू नका, आतलं पाणी तापून धोंडा फुटतो. कोरड्या माळावरचे तीन दगड आणा.

---

पऱ्हाटी

बोकाभाऊ, माझ्या नावावर एवढा राग कामून बरं?

जेवणाचं कुणीच लिहीना, म्हणून मी लिहायले. आमच्या परभणीकडं आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) रोडगे करतात, पातेलंसुद्धा लागत नाही. गव्हाचं जाडसर पीठ घरूनच न्यायचं, त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट मळून लिंबाएवढे नाही, चांगले मुठीएवढे गोळे करायचे. गोवऱ्यांचा जाळ करून तो बसला, लाल इंगळ झाले, की त्यात गोळे पुरायचे आणि वरून राख ओढायची. रोडगे घाईचं काम नाही. मधून एकदा फिरवायचे. आतून शिजले की वरून तडकतात. बाहेर काढून फडक्यात आपटून राख झाडायची, फोडायचे आणि तूप. त्याच विस्तवात वांगी, कांदे, हिरव्या मिरच्या. सगळं ठेचून भरीत. पत्रावळ पळसाची, ती पण शिवरात्रीच्या आधीच. पुढं झाड निष्पर्ण होऊन नुसतं फुलायला लागतं.

आता दुसरं. आम्ही बायका बायका मिळून जातो, तेव्हा रानात एकटं ठिकाण धरत नाही. आखाड्यावर सालदाराचं कुटुंब असतं, त्यांच्या हाकेच्या अंतरावर पथारी टाकतो. हाकेचं म्हणजे खरंच हाक मारून बघायची, वारा कुठून येतो ते ध्यानात ठेवून. जनावराची भीती कमी आणि रात्री मोटारसायकलवर हिंडणाऱ्या टोळक्याची जास्त, हे स्पष्टच लिहिते.

आणि परभणीची थंडी हलक्यात घेऊ नका. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे.

---

शिफ्ट_अलाउन्स

भूक लागली वाचून.

साप-विंचवाचं काय? घोंगडीवर साप चढत नाही म्हणतात ते खरं का? आई म्हणते भोवती रॉकेल शिंपड.

---

हिरवा_कंदील

मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. घोंगडी, रॉकेल, लसूण, घोड्याच्या केसाची दोरी यांतल्या कशानंही साप अडत नाही. रॉकेलनं फक्त तुमची चूल धोक्यात येते.

आपल्याकडं विषारी चार: नाग, घोणस, फुरसं, मण्यार. मुक्कामाला जाणाऱ्यानं सगळ्यात जास्त मण्यारचा विचार करावा. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पथारीत शिरते आणि तिचे दात इतके बारीक की कित्येकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. रानात झोपलेल्या माणसाची सकाळी पापणी उघडेना तर "झोप झाली नाही" म्हणून सोडून देऊ नका, सरळ गाडीत घाला.

उपाय स्वस्त आहे: मच्छरदाणी. तिच्या कडा वाकळेखाली चारी बाजूंनी खोचून घ्या. रानवाट्यांच्या यादीत ती नाही, मी घालतो. बूट झोपताना उपडे ठेवा, सकाळी झटकून घाला. सरपण उचलताना आधी काठीनं हलवा. दगड उलटवायचा तर आपल्याकडच्या बाजूनं उचलू नका, पलीकडची कड वर करून आपल्याकडं ओढा, म्हणजे खालचं जनावर दगडाच्या आडून पलीकडं निघून जातं. फुरसं अशाच दगडांखाली असतं.

दंश झालाच तर: आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, कडं, पैंजण काढा, सूज आली की निघत नाहीत. हाताला-पायाला काठी बांधून तो भाग स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. निघायच्या आधीच सगळ्यात जवळचं कुठलं सरकारी रुग्णालय प्रतिविष ठेवतं ते फोन करून विचारून ठेवा. आणि मुक्कामाच्या जागी मोबाईलला रेंज कुठल्या दगडावर येते ते उजेडातच शोधा.

विंचवातला काळा दिसायला भयंकर, पण घातक तो लाल. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, हे दिसलं की थांबायचं नाही, मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही. यावर प्राझोसिन हे औषध वापरायची वाट डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवली. माणूस आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा, काम केलं कोकणात महाडला. त्यांचा प्राझोसिनवरचा लेख 1986 साली लॅन्सेटमध्ये आला, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. आधी लाल विंचवाच्या दंशानं माणसं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जायची.

---

रानवाट्या

मच्छरदाणी मान्य. यादीत घेतली.

---

बालाघाटी

सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. तोपर्यंत मुक्काम कोपीत. त्यांना कुणी कॅम्पर म्हणत नाही. ही तक्रार नाही, पण कमी सामानात राहायचं कसं हे शिकायचं असेल तर त्यांना विचारा, यूट्यूबवर कशाला शोधता?

कोपी बघा कशी असते. बांबू वाकवून किंवा वर जोडून सांगाडा, त्यावर चटई, चटईवर प्लॅस्टिकचा कागद. दाराचं तोंड वाऱ्याच्या उलट. भोवती वीतभर खोल चर खणून माती आतल्या बाजूला कागदाच्या कडेवर ओढलेली. त्यानं पाणीही आत येत नाही आणि वारा कागदही उचलत नाही. रानवाट्यांनी दगड ठेवायला सांगितलंय, पण मोकळ्या माळावर रात्री वारा सुटला की दगड सरकतात. मातीत पुरलेली कड सरकत नाही. बाया बिछान्याखाली उसाचं वाळलं पाचट अंथरतात, आणि ते दर चार-आठ दिवसांनी उन्हात टाकून झटकतात, पिसवांसाठी. चूल कोपीच्या बाहेर. आत पेटवली आणि कोपी गेली, असं दर हंगामात कुठं ना कुठं होतं.

ताडपत्रीला कड्या नसतील तर कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा. ताडपत्री फाटत नाही. हे कुणाच्या यादीत दिसलं नाही.

---

बीट_नंबर_सात

गोट्याची युक्ती आमचे वनमजूरही वापरतात. चूल बाहेर हे शंभर टक्के. त्यात भर: चुलीभोवती दोन-तीन पावलं गवत विळ्यानं मुळापासून काढून माती उघडी करा. आमची जाळरेषा म्हणजे हेच, फक्त मोठ्या मापात. झोपताना पाणी ओता, काडीनं ढवळा, परत पाणी ओता, मग हाताचा मागचा भाग राखेजवळ धरून बघा. नुसती माती लोटली तर खाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो.

---

उंडणगावचा_बोका

मग रात्रभर शेकोटी नाहीच? शेकोटीशिवाय मुक्काम म्हणजे काय मजा?

---

बीट_नंबर_सात

बसा की शेकोटीला, जागे आहात तोवर. सगळे झोपले आणि शेकोटी जागी, हे नको. जागलीवाला शेकोटी ठेवतो, कारण तो जागा असतो.

---

रानवाट्या

पाळ्या लावल्या तर जमतं. आम्ही घड्याळ लावत नाही, तिकांडं बघतो. डिसेंबरच्या मध्यात मृगातले ते तीन तारे रात्र पडताच पूर्वेला दिसतात, बारा वाजता माथ्यावर असतात आणि पहाटे पश्चिमेला टेकतात. पहिली पाळी तिकांडं माथ्यावर येईपर्यंत, दुसरी ते कलेपर्यंत. दुसऱ्या पाळीवाल्याला चहाची पत्ती जास्त द्यावी लागते.

शहरातल्यांसाठी: रात्री "चक चक चक चक" असं एकसुरी काही वाजायला लागलं तर घाबरू नका, तो रातवा. टिटवी ओरडत उठली तर मात्र बॅटरी मारून बघा, तिला जमिनीवरून काहीतरी जाताना दिसलेलं असतं. बहुतेक वेळा कोल्हा निघतो.

---

शिफ्ट_अलाउन्स

ठरलं. आम्ही चौघं येतोय, अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरू, तारे दिसतील. स्लीपिंग बॅग घरीच ठेवतो. घोंगडी मात्र कुणाकडंच नाही, आणि ती अंगाला टोचते असं बायको म्हणते.

---

पऱ्हाटी

टोचणारच, दख्खनी मेंढीची लोकर आहे ती. आत जुनं लुगडं किंवा सुती चादर घ्या. ओली झाली तरी ऊब धरते, हे तुमच्या ब्लँकेटला जमायचं नाही. नवीन घेऊ नका आत्ताच, एखाद्या रात्रीसाठी मागून आणा.

---

रानवाट्या

घोंगड्या माझ्याकडच्या दोन देतो, बाकी दोन मालकाच्या घरी मिळतील. तुम्ही मच्छरदाण्या, वांगी आणि वीस लिटरचा कॅन आणा. दुपारी तीनला कन्नड स्टँडवर. उशीर झाला तर पुढं अंधारात जागा शोधावी लागते, आणि मी थांबणार नाही.

@बालाघाटी, तुम्ही येता का? ताडपत्री तुम्हीच बांधा.

---

बालाघाटी

येतो. खोरं मी आणतो, चर खणायला.